चिनी सणांच्या प्रथा : रूप आणि अर्थ

सेवाग्राम आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत 'नम् म्यो हो रेंगे क्यो' हे शब्द कानी पडतात. वर्धा जिल्ह्यातील अनेकांना ते लहानपणापासून परिचित आहेत. निचिदात्सु फुजी, म्हणजेच फुजी गुरुजी, हे जपानी भिक्खू 1933 साली वर्ध्यास आले आणि त्यांच्याबरोबर हे शब्दही येथे आले. त्यांच्याच निप्पोनझान म्योहोजी संघाचा विश्वशांती स्तूप आज वर्ध्यात उभा आहे. या शब्दांना आपण जपानी मंत्र म्हणतो. परंतु त्यांपैकी 'नम्' हे आपलेच 'नमो' होय, आणि उरलेले 'म्योहो रेंगे क्यो' हे एका चिनी ग्रंथनामाचे जपानी उच्चारण आहे. कुमारजीव या थोर भाषांतरकाराने इ. स. 406 मध्ये छांग-आन नगरीत 'सद्धर्मपुंडरीक' सूत्राचा चिनी अनुवाद पूर्ण केला. त्या अनुवादाचे नाव जपानने आपल्या उच्चारात घेतले आणि पंधरा शतकांनंतर ते वर्ध्यास पोहोचले. भारतातून चीन, चीनमधून जपान आणि जपानमधून पुन्हा भारत असा हा प्रवास आहे.

शब्दांप्रमाणे प्रथाही प्रवास करतात. मात्र शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, तसा प्रथेचा अर्थ सहज सापडत नाही. तो घरातील वडीलधाऱ्यांनी सांगावा लागतो. सांगितला नाही तर रूप उरते आणि अर्थ हरवतो; कधी कधी जुन्या रूपात नवाच अर्थ शिरतो. चीनमधील सणांचा इतिहास या दृष्टीने बौद्धांनी मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. आपण 1956 नंतर सण, संस्कार आणि विधी यांची नव्याने मांडणी केली. म्हणून चीनमधील बौद्धांनी हेच कार्य कसे केले, त्यात त्यांना कोठे यश आले आणि कोठे अपयश, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

नववर्ष : शब्दांच्या नादातून जन्मलेल्या प्रथा

चिनी लोकांचा सर्वांत मोठा सण म्हणजे वसंतोत्सव, अर्थात नववर्ष. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने या सणाचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत केला. चिनी पंचांगातील महिना आपल्या मराठी महिन्याप्रमाणेच अमावास्येनंतर सुरू होतो. अधिक महिन्यामुळे पडणारा फरक सोडला, तर चिनी पहिला महिना म्हणजे आपला माघ होय. ही जुळणी ध्यानात ठेवली, तर पुढील सर्व सण आपल्या तिथींशी ताडून पाहता येतात.

या सणातील बऱ्याच प्रथा उच्चारसाम्यावर उभ्या आहेत. नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या भोजनात मासा असतो. कारण मासा या अर्थाचा 'यू' हा शब्द आणि शिल्लक, समृद्धी या अर्थाचा शब्द यांचा उच्चार एकच आहे. दारावर 'फू' म्हणजे सुखसौभाग्य हे अक्षर उलटे चिकटवतात. कारण 'उलटे' आणि 'आले' या दोन्ही अर्थांचे शब्द 'दाओ' असेच उच्चारले जातात. पाहणारा म्हणतो, फू उलटे झाले. ऐकणाऱ्यास ऐकू येते, सुख घरी आले. मुलांना लाल पाकिटातून पैसे देतात, त्या पैशाच्या नावातही 'वर्ष' आणि 'अनिष्ट शक्ती' या अर्थांचे समान उच्चाराचे शब्द आहेत. वर्ष सरताना मुलास अनिष्टाची बाधा होऊ नये, हा त्यामागील भाव.

हे वाचून कोणास हसू येईल. परंतु आपल्या मराठीतही हा संकेत आहे. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली असे न म्हणता ती 'वाढवली' असे म्हणण्याची रीत आहे. अशुभ शब्द तोंडातून गेला तर अशुभ घडेल, ही धास्ती दोन्हीकडे सारखीच. 'येतो' या शब्दात परत येण्याचा दिलासा आहे, तोपर्यंत ती सुंदर रीत आहे. 'जातो' म्हटल्याने संकट येते असे कोणी मानू लागला, की ती अंधश्रद्धा होते. शब्द तोच असतो. भेद केवळ मनातील अर्थाचा असतो.

फटाक्यांचेही असेच आहे. सहाव्या शतकातील एका चिनी ग्रंथात, वर्षारंभी अंगणात बांबू जाळून त्याच्या स्फोटाने डोंगरातील दुष्ट शक्तींना पळवून लावण्याची रीत नोंदली आहे. पुढे बांबूची जागा दारूच्या फटाक्यांनी घेतली. आणखी एक प्रथा चूलदेवतेची. वर्ष संपण्यापूर्वी, बाराव्या महिन्याच्या 23 किंवा 24 तारखेस, ही देवता घराचा वर्षभराचा वृत्तांत स्वर्गाच्या सम्राटास सांगण्यासाठी जाते अशी समजूत आहे. म्हणून तिच्या चित्राच्या ओठांना चिकट गोड पदार्थ लावतात. तिने गोड बोलावे, किंवा तोंडच उघडू नये, हा हेतू! देवतेला लाच देऊन आपल्या कर्माचा हिशेब बदलता येतो, ही कल्पना कर्माच्या नियमाशी जुळणारी नाही, हे येथे वेगळे सांगावयास नको.

याच सणात धम्माचा ठसाही उमटलेला आहे. दक्षिण चीनमधील अनेक कुटुंबे नववर्षाच्या पहिल्या दिवशी मांस वर्ज्य करून भाज्या, सोयाबीनचे पदार्थ आणि अळिंबी यांचा एकत्र शिजवलेला पदार्थ खातात. त्याचे नाव 'लुओहान झाय', म्हणजे अर्हतांचे भोजन. 'लुओहान' हे 'अर्हत्' या शब्दाचेच चिनी रूप. ज्यांना बौद्ध म्हणवून घेणे आवश्यक वाटत नाही, अशीही माणसे वर्षाचा पहिला दिवस प्राणिहिंसेवाचून आरंभतात. उपदेश विसरला गेला तरी शील स्वयंपाकघरात टिकून राहिले.

मुंबईतील एक चिनी मंदिर

या प्रथा पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. मुंबईत माझगाव येथे 1919 साली स्थापन झालेले 'सी यूप' नावाचे चिनी मंदिर आहे. क्वांगतुंग प्रांतातून आलेल्या दर्यावर्दी चिनी लोकांनी ते उभारले. त्यांचे उपास्य क्वान-कुंग हे न्याय आणि शौर्याचे प्रतीक मानलेले ऐतिहासिक सेनानी होत. त्यांच्यासमवेत तेथे क्वान-यिन या करुणेच्या देवीसही स्थान आहे. नववर्षास मुंबईतील चिनी कुटुंबे येथे जमतात.

ही क्वान-यिन म्हणजे मूळचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. चीनमध्ये कालांतराने त्याचे रूप स्त्रीचे झाले. परंतु हाच अवलोकितेश्वर, संकटात सापडलेल्यांना अभय देताना, औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आणि मुंबईजवळील कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेला आहे. माझगावच्या मंदिरात नमस्कार करणाऱ्या चिनी वृद्धेची देवी आणि कान्हेरीच्या पाषाणातील बोधिसत्त्व एकाच कुळातील आहेत. आपल्या पूर्वजांचा वारसा परकीय म्हणून आपल्याच नगरीत परत आला आणि आपण त्यास ओळखले नाही.

लाबाची पेज आणि सुजातेची खीर

चिनी बाराव्या महिन्याच्या शुद्ध अष्टमीस, म्हणजे सामान्यतः आपल्या पौष शुद्ध अष्टमीस, 'लाबा' हा सण येतो. 'ला' हा मुळात वर्षाअखेरीचा यज्ञ होता. शिकार करून देवतांना आणि पूर्वजांना बळी अर्पण करण्याचा तो काळ. चिनी बौद्ध परंपरेने हाच दिवस सिद्धार्थ गौतमाच्या संबोधिप्राप्तीचा मानला. मग बळीच्या जागी पेज आली. तांदूळ, बाजरी, कडधान्ये, खजूर, कमळबीज, सुकामेवा असे अनेक जिन्नस एकत्र शिजवून ती करतात. सोंग राजवटीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या सुमारास, राजधानी खायफंगमधील विहार या दिवशी लोकांना ही पेज वाटत, अशी नोंद तत्कालीन ग्रंथात आहे. आजही चीनमधील मोठ्या विहारांपुढे या दिवशी पेजेसाठी रांगा लागतात.

या पेजेचा अर्थ काय? आत्मक्लेशाने कृश झालेल्या सिद्धार्थास सुजातेने खीर दिली आणि ती घेऊन त्याने मध्यम मार्गाचा शोध पूर्ण केला. चीनमधील थंडीच्या प्रदेशात दुधाच्या खिरीची जागा धान्याच्या पेजेने घेतली, आशय मात्र तोच राहिला. उपाशी देहास अन्न मिळाल्यावाचून प्रज्ञेचा मार्ग मोकळा होत नाही. म्हणून संबोधीचे स्मरण करावयाचे तर भुकेल्यास जेवू घालावे. विदर्भातील वस्त्यावस्त्यांतून बुद्ध पौर्णिमेस खीरदान होते, त्यामागेही हाच विचार आहे. परंतु हातात खिरीचा द्रोण देताना मुलास सुजातेचे नाव आपण सांगतो काय? ते सांगितले नाही, तर खीर हा केवळ प्रसाद ठरेल.

एक बाब विशेष लक्षात घ्यावी. चिनी बौद्धांनी 'ला' हा सण बंद करा, असे म्हटले नाही. त्यांनी बळीच्या जागी अन्नदान आणले आणि देवतेच्या जागी भुकेला माणूस आणला. रूप बदलले, आणि त्याबरोबर अर्थही बदलला.

बुद्धस्नान

चिनी चौथ्या महिन्याच्या शुद्ध अष्टमीस, म्हणजे आपल्या वैशाख पौर्णिमेच्या आधी आठवडाभर, चीनमध्ये बुद्धजन्मोत्सव होतो. एका हाताने आकाशाकडे व दुसऱ्या हाताने पृथ्वीकडे निर्देश करणारी बालबुद्धाची छोटी मूर्ती पात्रात ठेवतात आणि उपासक तिच्यावर सुगंधी जल ओततात. मूर्तीस स्नान घालण्याची ही प्रथा चिनी नाही. सातव्या शतकात भारतात येऊन नालंदेस अनेक वर्षे अध्ययन करणाऱ्या इत्सिंगाने येथील विहारांतील मूर्तिस्नानाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी, फाहियानाने पाटलिपुत्रातील बुद्धमूर्तींची रथयात्रा पाहिली होती. आपल्या भूमीवरील बौद्ध सणांचे चित्र आज आपणांस चिनी प्रवाशांच्या लेखणीतून जुळवावे लागते.

बुद्धाची मूर्ती मलिन नसते, मलिन असते ते ओतणाऱ्याचे चित्त, असा या स्नानाचा अर्थ चिनी आचार्य सांगत आले आहेत. हा अर्थ धरला तर ती कृती म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह धुण्याची आठवण होय. तो सोडला तर ती केवळ मूर्तीची अभिषेकपूजा आहे.

उल्लंबन : मोग्गलानाची माता

आता आपण अशा सणाकडे वळू, ज्याचा आपल्या घरांशी सर्वांत जवळचा संबंध आहे. चिनी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेस, म्हणजे श्रावण पौर्णिमेच्या सुमारास, 'यूलानपन' हा सण येतो. त्याचे संस्कृत रूप उल्लंबन असे सांगितले जाते.

कथा अशी आहे. तथागतांचे अग्रश्रावक महामोग्गलान यांनी दिव्य दृष्टीने पाहिले, की आपली मृत माता प्रेतयोनीत भुकेने तळमळत आहे. त्यांनी भाताचे पात्र तिच्यापुढे केले. परंतु तोंडाशी नेताच त्या भाताचे निखारे झाले. मोग्गलान रडत तथागतांकडे गेले. तथागतांनी सांगितले, की एकट्याच्या सामर्थ्याने हे होणार नाही. वर्षावासाच्या समाप्तीस, प्रवारणेच्या दिवशी, संघ एकत्र येतो तेव्हा त्या संघास दान दे. त्या पुण्याने मातेची सुटका होईल.

ज्या सूत्रात ही कथा येते ते तिसऱ्या शतकातील धर्मरक्ष या भाषांतरकाराच्या नावावर असले, तरी अनेक अभ्यासकांच्या मते त्याची रचना चीनमध्येच झाली. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. चिनी समाजात मातापित्यांची सेवा आणि पूर्वजांना अन्नार्पण हे सर्वश्रेष्ठ कर्तव्य मानले जाई. मुंडन करून घर सोडणारा भिक्खू हा कुलद्रोही होय, असा आरोप कन्फ्यूशियसचे अनुयायी बौद्धांवर करीत. मोग्गलानाच्या कथेने त्या आरोपास उत्तर दिले. भिक्खूही मातेस विसरत नाही. मात्र तिच्यापुढे पिंड ठेवून काही होत नाही, तो निखारा होतो. मातेच्या नावे जिवंत, शीलवान माणसांना केलेले दान मात्र फलद्रूप होते.

या कथेत प्रवारणेचाच दिवस का निवडला गेला, हेही पाहावे. प्रवारणेस प्रत्येक भिक्खू संघापुढे उभा राहून विनंती करतो, की माझ्या हातून काही दोष घडल्याचे तुम्ही पाहिले, ऐकले अथवा तुम्हांस तशी शंका आली असेल, तर ते मला सांगा. संघाच्या आत्मशुद्धीचा तो दिवस असतो. म्हणून त्या दिवशीचे दान श्रेष्ठ मानले गेले.

इ. स. 538 मध्ये लिआंग राजवटीच्या सम्राट वू याने या सणाचा मोठा समारंभ केला, अशी चिनी बौद्ध इतिहासात नोंद आहे. पुढे तो जपानमध्ये गेला आणि 'ओबोन' झाला. परंतु चीनमधील त्याची पुढील वाटचाल चिंता वाटावी अशी आहे. त्याच तिथीस ताओ पंथाचाही सण होता. दोन्ही मिसळले. दानाचा भाग मागे पडला आणि भुकेल्या भुतांना शांत करण्याचा भाग पुढे आला. मृतांना परलोकी खर्च करता यावा म्हणून कागदी पैसे जाळणे, भुतांसाठी रस्त्यावर अन्न मांडणे, त्या महिन्यात विवाह किंवा गृहप्रवेश न करणे अशा समजुतींनी हा महिना भरून गेला. आज जगभर तो 'भुतांचा महिना' म्हणून ओळखला जातो. पिंडाच्या जागी दान आणण्यासाठी सांगितलेली कथा पुन्हा पिंडाकडेच वळली.

विहार पडले, प्रथा राहिल्या

तरीही या प्रथांचे एक ऋण मान्य करावेच लागेल. इ. स. 845 मध्ये तांग सम्राट वूत्सुंग याने बौद्ध संघावर घाला घातला. 4,600 हून अधिक विहार नष्ट केले गेले आणि 2,60,500 भिक्खू-भिक्खुणींना चीवर त्यागण्यास भाग पाडले गेले. त्याच्या आदल्या वर्षी उल्लंबनासाठी लोकांनी विहारांत मांडलेले दान उचलून ताओ मंदिरात नेण्याची आज्ञा त्याने केली, तेव्हा लोकांनी त्यास शिव्याशाप दिले, असे त्या वेळी चीनमध्ये असलेल्या एन्निन या जपानी भिक्खूने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. विहार पाडता आले. घरातील पेज, मोग्गलानाची कथा आणि वर्षारंभीचे अर्हतांचे भोजन मात्र पाडता आले नाही. चीनमध्ये धम्म पुन्हा उभा राहिला, त्याचे हे एक कारण होय.

भारतात काय घडले? विहार उद्ध्वस्त झाले, आणि सामान्य उपासकाच्या घरात त्यास बौद्ध म्हणून बांधून ठेवणारा संस्कार उरला नाही. भिक्खूस संघदीक्षा होती. गृहस्थास धम्मदीक्षेचा विधी नव्हता. ही उणीव बौद्ध धम्माच्या ऱ्हासाचे एक कारण ठरली, असे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट नोंदवले आहे. म्हणूनच त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली ती बावीस प्रतिज्ञांसह. संस्कारावाचून धम्म घरात टिकत नाही, आणि अर्थावाचून संस्कार निर्मळ राहत नाही. चीनचा इतिहास या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो.

सोलापूरचा पुत्र आणि चिनी समाधी

पूर्वजस्मरणाचा आणखी एक चिनी सण म्हणजे 'छिंगमिंग'. एप्रिलच्या 4 ते 6 तारखांच्या दरम्यान तो येतो. या दिवशी लोक समाध्यांभोवतीचे गवत काढतात, जागा झाडून स्वच्छ करतात आणि फुले वाहतात. उत्तर चीनमधील शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत या दिवसांत ज्या समाधीवर फुले वाहिली जातात, तिच्यात एक मराठी माणूस चिरविश्रांती घेत आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. युद्धातील जखमींची शुश्रूषा करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या 32 व्या वर्षी कोटणीसांचे निधन झाले.

कोटणीस कोणाही चिनी कुळाचे पूर्वज नव्हते. तेथील लोक त्यांना नैवेद्य देत नाहीत, त्यांच्याकडे काही मागतही नाहीत. ते समाधी झाडतात, फुले वाहतात आणि मुलांना त्यांची कथा सांगतात. मृताचे स्मरण भीतीवाचून आणि याचनेवाचून कसे असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आपल्या चैत्यभूमीवरील आणि दीक्षाभूमीवरील अभिवादनही याच जातीचे आहे.

आपल्यापुढील प्रश्न

श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही, ही आपली सहावी प्रतिज्ञा आहे. ती घेतल्यावरही मृत्यूचे दुःख आपल्या घरी येतेच, आणि त्या दुःखास काही रूप द्यावे लागते. त्यातून आपल्याकडे पुण्यानुमोदन आणि जलदानविधी रूढ झाले. गाथा म्हटल्या जात असताना कुटुंबीय भांड्यातून पाणी ओततात आणि पात्र भरून वाहू लागते. काहींचा आक्षेप असा, की हे श्राद्धाचेच दुसरे रूप आहे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मृतास पाणी पोहोचते, असे समजून कोणी ते ओतत असेल, तर मोग्गलानाच्या हातातील भातासारखाच त्याचाही निखारा झाला असे म्हणावे लागेल. परंतु पात्र भरल्यावर पाणी जसे पलीकडे वाहते, तसे गेलेल्याचे सद्गुण आपल्यातून पुढे वाहावेत, असा संकल्प त्यामागे असेल, तर तो धम्मास धरून आहे. जाणुस्सोणी ब्राह्मणाने मृतांना दिलेल्या दानाविषयी विचारले, तेव्हा तथागतांनी अखेर त्यास हेच सांगितले, की दान देणारा स्वतः कधीच निष्फळ राहत नाही. बाबासाहेबांनी आत्मा नाकारून धम्म मांडला. त्या भूमिकेतून पाहता दानाचे फळ शोधावयाचे ते जिवंत माणसांतच.

म्हणून आम्हांस असे सुचवावेसे वाटते, की विधी करताना प्रथम त्याचा अर्थ सोप्या मराठीत सांगितला जावा. पाली गाथांपूर्वी पाच मिनिटे हे निवेदन व्हावे. कर्ज काढून केल्या जाणाऱ्या तेरवीच्या जेवणाऐवजी, गेलेल्याच्या नावे विहाराच्या वाचनालयास ग्रंथ किंवा गरजू विद्यार्थ्यास वर्षाची पुस्तके द्यावीत. उल्लंबनाचा मूळ आशय हाच आहे. विदर्भातील विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. कपाशीच्या निंदणावरून थकून आलेल्या आयाबहिणी सायंकाळी ते ऐकतात. त्याच्या समाप्तीस भोजनदान होते. त्यासोबत प्रवारणेचा भावही यावा. विहार समितीच्या सभासदांनी त्या दिवशी उपासकांपुढे उभे राहून, आमच्या कारभारात दोष दिसला असेल तर सांगा, असे म्हणावे. वस्तीतील कलह मिटविण्यास यापरता चांगला विधी नाही.

चीनमधील पेज, स्नान आणि उल्लंबन यांचे धागे सुजातेच्या, लुंबिनीच्या आणि मोग्गलानाच्या कथेशी जोडलेले आहेत. तेथे काही ठिकाणी अर्थ टिकला, काही ठिकाणी लोपला. आपल्या प्रथा अजून तरुण आहेत. त्यांचे अर्थ सांगू शकणारी, 1956 ची दीक्षा स्वतः पाहिलेली वृद्ध माणसे अद्याप काही घरांत आहेत. येत्या वर्षावासात त्यांना विहारात बोलवावे, मुलांना त्यांच्यासमोर बसवावे, आणि खीर वाढण्यापूर्वी ती का वाढली जाते, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.